प्लेट घ्यावी की नोझल

“माझ्या टबात परत ती बाटली लोळतीये,” अर्लीनवहिनी शेंगा सोलता सोलता माझ्या कानाशी पुटपुटली. “लोकांच्या घरी टबात पोरं डुंबतात. आमच्याकडे गॅस आंघोळ करतो.”

“बाटलीला गुंडाळायचा हीटर मिळतो की आता,” मी म्हटलं.

“मिळतो ना. आणलाय ना. खोकंसुद्धा फोडलेलं नाही. म्हणे पाण्याची ऊब कशी चारी बाजूंनी लागते. इतक्या वर्षांत मला कधी विचारलं नाही, तुला थंडी वाजते का म्हणून.”

बाटली म्हणजे गाडीच्या इंजिनात सोडायच्या नायट्रस गॅसची. निळी, गुडघ्याच्या वर येईल एवढी उंच, आणि तान्ह्या पोरासारखी जपायची. ती कोमट असली तरच आतला गॅस जोर धरतो, आणि त्याने जोर धरला तरच इंजिनाला तो धक्का बसतो, ज्याच्यासाठी आमच्या भागातली शहाणी माणसं शनिवारी वेड्यासारखी वागतात. आज गुरुवार होता. शर्यत परवा. पण माझ्या भावाला, ओडेलला, दोन दिवस आधीपासून बाटलीची मर्जी सांभाळायची सवय आहे. पूर्वी आम्ही ती आईच्या गोधडीत गुंडाळून अंगणातल्या पत्र्यावर उन्हात ठेवायचो. एकदा पाद्रीबाबा आले तेव्हा कुणाचं तरी बाळ झोपलंय असं समजून त्यांनी गोधडीवर हात ठेवून आशीर्वाद दिला होता. त्या शनिवारी ओडेल जिंकला. नंतर वर्षभर तो पाद्रीबाबांना जेवायला बोलवायची निमित्तं शोधत होता.

अंगणात छपराखाली ओडेलची गाडी, नोव्हा, उभी होती, बॉनेट उघडं. ओडेलनं ती घेतली तेव्हा मी शाळेत होते. आता मी शाळेची बस चालवते, आणि नोव्हाचा रंग अजून तोच आहे, पिकलेल्या पीचचा. तिच्याशेजारी जुन्या फ्रीजरच्या झाकणावर दोन खोकी मांडलेली. एकात प्लेट, दुसऱ्यात नोझल. खोक्यांच्या एका बाजूला ओडेल, दुसऱ्या बाजूला आमचा आतेभाऊ रूफस. तो वॉल्टरबरोला गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर असतो आणि कुठलाही भाग स्वतः जन्माला घातल्यासारखा हातात धरतो.

हे भांडण आमच्याकडे सणासारखं आहे. रूफस प्लेटवाला. त्याचं म्हणणं, कार्बोरेटरखाली एक प्लेट सरकवली की काम झालं. गॅस आणि पेट्रोल एकाच जागेवरून आत जातं, बिघडण्यासारखं काही नाही. ओडेल नोझलवाला. आठ सिलिंडर, आठ नोझल, प्रत्येकाला आपापली नळी. “आठ पोरं असली तर आठ ताटं वाढायची,” तो म्हणायचा, “एक परात मधे ठेवून हाणामाऱ्या लावायच्या नाहीत.” त्यावर रूफस म्हणायचा, “आणि एका ताटात कचरा अडकला तर? पिस्टन मेणबत्तीसारखा वितळेल.” ईस्टरला, आईच्या मयताला, माझ्या दोन्ही लग्नांना, प्रत्येक वेळी कोपऱ्यात हे दोघं उभे आणि तोंडात प्लेट नाहीतर नोझल. पहिला नवरा मला म्हणालाही होता, तुमच्याकडे माणसं एकमेकांची खुशाली कशी विचारतात? मी म्हटलं, अशीच.

पण आज ऐकता ऐकता माझ्या हातातली शेंग तशीच राहिली.

“प्लेटच बसवू,” ओडेल म्हणाला.

रूफसनं त्याच्याकडे पाहिलं. “काय?”

“प्लेट. साधं काम. आठ नळ्या नाहीत, आठ भानगडी नाहीत.”

“हे मी म्हणतो. तू नाही म्हणत.”

“मग तुझं ऐकलं म्हणून रडतोस कशाला?”

“रडत नाहीये.” रूफसनं नोझलचं खोकं पुढे ढकललं. “पण हे बघ की जरा. काय सुबक आहेत. पितळी जेट बघ, दागिन्यासारखे. प्रत्येक सिलिंडरला मोजून मिळतं. आठ ताटं, ओडेल!”

“तू कधीपासून नोझलवाला झालास?”

“झालो नाही. तू हो ना. हो ना परत.”

वहिनीनं माझ्याकडे बघितलं आणि लगेच शेंगांकडे. इतकी वर्षं ज्या विजयाची वाट बघितली तो घरपोच आला होता, आणि रूफस तो दारातूनच परत पाठवू पाहत होता.

कारण प्लेटच्या खोक्यात आणखी एक वस्तू होती, आणि ती काय आहे हे आम्हा चौघांनाही दिसत होतं. पायाचा स्विच. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की पेडलखालचा हा स्विच आपोआप गॅस सोडतो. अंगठ्याचं काम नाही. आणि ओडेल आयुष्यभर बटणवाला. स्टिअरिंगवर छोटं लाल बटण, त्यावर उजवा अंगठा, आणि गॅस कधी सोडायचा ते त्या अंगठ्याला कळायचं. पायाच्या स्विचला तो ‘म्हाताऱ्यांचा कमोड’ म्हणायचा. बसलं की झालं.

त्याचा उजवा हात आता खिशात होता. हल्ली तो खिशातच असतो.

तो अंगठा मी जवळून पाहिलाय. सतरा वर्षांची होते. टोमॅटोच्या गोदामामागचा सरळ रस्ता, दोन्हीकडे पाइनची झाडं, संध्याकाळचं ऊन डांबरावर आडवं पडलेलं. ओडेलनं मला शेजारी बसवलं होतं. नोव्हा गुरगुरत निघाली, दुसरा गिअर पडला, तरी त्याचा अंगठा बटणावर नुसता टेकलेला, एखाद्यानं झोपलेल्या मांजराच्या डोक्यावर बोट ठेवावं तसा. “अजून नाही, धाकटे,” तो म्हणाला. “गाडीचं ढुंगण बसू दे. बसलं की ती स्वतः मागते.” आणि मग तिनं मागितलं. मला काहीही ऐकू आलं नव्हतं, त्याला आलं. त्यानं दाबलं आणि मी सीटमध्ये रुतले, छातीवर कुणी गव्हाचं पोतं टाकल्यासारखी. परत येताना त्यानं माझा अंगठा धरून बटणावर ठेवला. मी लवकर दाबलं, चाकं फिरली, गाडी हलली, त्यानं डाव्या हातानं स्टिअरिंग अलगद सावरलं आणि हसत सुटला. त्यानंतर मी दोन नवरे केले. भरवसा मात्र पुन्हा तसा कधी वाटला नाही.

मागच्या शरदात ओडेलच्या जुन्या प्रतिस्पर्ध्याशी, थर्मनशी, शर्यत झाली तेव्हा आम्ही सगळे होतो. आमच्या शर्यतीत वेळ दाखवणारा फलक बंद ठेवतात. कोण किती जोरात पळालं हे गुपित, नाहीतर पुढची पैज लावायला कुणी तयार होत नाही. कोण पुढे गेलं एवढंच दिसतं. पण कान काही कुणी बंद केलेले नसतात. गॅस लागला की इंजिनाचा आवाज फाटतो, वर चढतो. नोव्हाचा चढला, आणि पडला. परत चढला, परत पडला. तळलेल्या मासळीची सँडविचं घेऊन कुंपणाला टेकलेली सगळी गर्दी चघळायची थांबली. शेंगा उकळून विकणारी मिस ओझेलसुद्धा झारा हातात धरून उभी राहिली. अंगठा बटणावरून घसरत होता. सगळ्यांनी ऐकलं. आणि सगळे म्हणाले, गॅसची झडप चिकटली असणार. मीही म्हटलं. रूफसनं दुसऱ्या दिवशी चांगली झडप काढून नवी बसवली. ओडेल म्हणाला, हे किटच जुनं झालंय.

चर्चमध्येही तेच. प्रभूभोजनाचं तबक फिरवायचं काम ओडेलचं, छोटे छोटे काचेचे पेले खच्चून भरलेलं तबक. ते वाजायला लागलं. मग एका रविवारी ते दुसऱ्याच्या हातात गेलं, आणि सगळे म्हणाले, त्या बाजूची फरशी फार उंचसखल झालीये. डॉक्टरकडे जा असं वहिनी म्हणाली, तेव्हा तो गेला. काय सांगितलं ते त्यानं आल्यावर सांगितलं नाही, आणि तिनं विचारलं नाही. त्या दिवसापासून त्याच्या कॉफीचा पेला ती अर्धाच भरते.

“प्लेटला पायाचा स्विच येतो, बरं का,” शेवटी रूफसच म्हणाला, जणू आत्ताच दिसला. “सोयीचा असतो.”

“असेल,” ओडेल म्हणाला. “मी काही त्याच्यासाठी घेत नाहीये.”

“छे, छे.”

“आलाच आहे खोक्यात तर लावून टाकू.”

“वाया कशाला घालवायचा,” वहिनी म्हणाली.

“स्विच चांगलाच,” मी म्हटलं. “हल्लीची पोरं सगळी तोच वापरतात.”

इतकं एकमत आमच्या घरात कधीच झालं नव्हतं. आई गेली तेव्हा शवपेटीच्या रंगाबद्दलही झालं नव्हतं.

तेवढ्यात थर्मन गॅडसनचा ट्रक फाटकातून आत आला. थर्मन आमच्या चर्चचा डीकन, म्हणजे पाद्रीबाबांचा मदतनीस, आणि शनिवारी ओडेलचा पक्का वैरी. शर्यतीआधी दोन दिवस येऊन अटी ठरवायच्या, ही त्यांची जुनी रीत. अटी म्हणजे कोण कुणाला किती गाड्यांची लांबी पुढे सोडणार. ज्याची गाडी कमी, तो मागतो. दुसरा शिव्या घालतो, मग थोडी देतो. तासभर चालतं, आणि अंगणात खुर्च्या टाकून लोक ऐकायला बसतात. न मागता मात्र कुणी कुणाला पुढे सोडत नाही. त्याच्यासारखा अपमान नाही.

“आलास?” ओडेल ओरडला. “प्रार्थना करून आलास की रडून?”

“तुझ्यासाठी केली,” थर्मन उतरता उतरता म्हणाला. “वर विचारलं, या माणसाला अक्कल कधी येणार? वरून म्हणाले, डीकन, दुसरं काहीतरी माग.”

वहिनी हसली. थर्मननं टोपी काढून तिला मान लववली, मला विचारलं, “मिस डोरिंडा, बस बरी चालतीये ना?” आणि मग तो बॉनेटपाशी येऊन उभा राहिला. फ्रीजरवरची खोकी त्यानं पाहिली. प्लेट हातात घेतली. खाली ठेवली. मग पायाचा स्विच उचलला आणि बराच वेळ तळव्यावर उलटासुलटा करत राहिला.

“प्लेट?” त्यानं विचारलं.

“रूफसनं कान खाल्ले,” ओडेल म्हणाला.

रूफसनं मान खाली घातली.

“बरं,” ओडेल म्हणाला, “माग. किती गाड्या हव्यात तुला? एक देईन. तुझ्या त्या डब्याकडे बघून दीड.”

थर्मन अजून तळव्यावरचा स्विचच बघत होता.

“लाजू नको. दोन म्हण. मी शिव्या घालतो, मग बघू.”

“मीच तुला तीन सोडतो,” थर्मन म्हणाला.

ओडेलच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तिथंच थांबलं.

“मी मागितल्या?”

“नाही.”

“मग? मी काय विधवा बाई आहे, चर्चच्या मदतीच्या यादीतली?”

“तीन घे, ओडेल. सावकाश नीघ. प्लेट नको, नोझल नको, गॅस नको. नुसत्या इंजिनावर पळव. तीन गाड्यांत तू जिंकशील.”

“गॅसशिवाय?” ओडेल आमच्याकडे वळला. “ऐकलंत? हा मला खैरात घालायला आलाय! रूफस, सांग याला. प्लेटवर नोव्हा काय पळेल ते सांग.”

“पळेल,” रूफस पुटपुटला. “जेट मोठ्या भोकाचे टाकले तर...”

“जेट सगळ्यात मोठे टाक,” ओडेल म्हणाला. “शनिवारी बघतो याच्याकडे.” आणि ते म्हणताना त्यानं बोट दाखवायला हात खिशातून काढला. हात थर्मनच्या दिशेनं वर गेला आणि तिथं हवेत हलत राहिला. ओडेलनं तो खाली घेतला नाही. घेतला असता तर आम्ही पाहिलंय हे कबूल केल्यासारखं झालं असतं. आम्हीही नजर हटवली नाही, त्याच कारणानं. वहिनीच्या मांडीवरच्या टोपल्यातून दोन दाणे घरंगळून जमिनीवर पडले, तेही कुणी उचलले नाहीत.

थर्मननं स्विच हळूच खोक्यात ठेवला. मग त्यानं पुढे होऊन ओडेलचा तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला, चर्चमध्ये नव्या माणसाचा धरतात तसा, आणि सोडला नाही.

“तुझा हात गेलाय, ओडेल,” तो म्हणाला. “बटण तू पायाखाली नेलंस. स्टिअरिंग कुठे नेशील? शनिवारी मी सुटायच्या दिव्यांकडे बघणारच नाही. मी तुझ्याकडे बघत बसेन. मला भीती वाटते रे.”