आत कोण बसलंय

स्विच ही मोठी हट्टी जात. मजल्यामजल्यावरच्या कपाटांत बसून ते ऑफिसातल्या शेकडो कॉम्प्युटरांना एकमेकांशी बोलू देतात, आणि स्वतः मात्र मनात असेल तरच कोणाशी बोलतात. अशा सगळ्या स्विचचे पासवर्ड वार्षिक सुरक्षा तपासणीआधी बदलायचे होते. पूर्वी हे काम मामा एकेका स्विचमध्ये शिरून हाताने करत. आता भाचीने त्यासाठी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिली होती: एक कळ दाबायची आणि चहाला जायचं.

मामा तसे सगळ्या ऑफिसचेच मामा, पण रक्ताचे फक्त तिचे. त्यांनीच तिला इथे चिकटवलं होतं, आणि म्हणून तीही आपोआप सगळ्यांची भाची होऊन बसली होती.

त्या दिवशी तिने कळ दाबली आणि चहा राहिला बाजूला. पडद्यावर ओळीमागून ओळ लाल होत गेली. कनेक्शन नाकारलं. कनेक्शन नाकारलं. तिने पत्ते तपासले, ते बरोबर होते. पासवर्ड बरोबर होता. हाक मारली की स्विच ओ देत होते, म्हणजे जिवंत होते. पण आत काही घेत नव्हते. हा काय चावटपणा, असं पुटपुटत ती केबल घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या कपाटाशी गेली, लॅपटॉप थेट स्विचला जोडला आणि आत कोण बसलंय ते त्यालाच विचारलं.

त्या स्विचमध्ये एका वेळी पाचच जण लॉगिन करून बसू शकत. पाचही जागा भरलेल्या होत्या, आणि पाचही एकाच कॉम्प्युटरवरून. मामांच्या.

तिला मामीचं बोलणं आठवलं. मागच्याच आठवड्यात मामीने तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की मामा हल्ली विसरायला लागलेत. गॅस चालू ठेवून फिरायला जातात. नातीला शाळेतून आणायचं राहून गेलं, तर पोर फाटकाशी रडत उभी. कोणाला बोलू नकोस हं, असंही मामी म्हणाली होती. भाचीने तिथल्या तिथे गणित जुळवून टाकलं. मामा सवयीने स्विचमध्ये शिरतात, बाहेर यायचं विसरतात, पुन्हा शिरतात. एवढी हुशार मुलगी, पण गणित जुळलं की ते पुन्हा तपासायचं असतं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

ती विभागप्रमुख साहेबांकडे गेली. चुगली करायला नव्हे. मामांना जरा सांभाळून घ्या, एवढंच सांगायला. साहेब माणूस वाईट नाही, पण तपासणीच्या नावाने त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं. त्यांनी ऐकलं ते एवढंच, की मामांच्या हाती आता स्विच ठेवणं धोक्याचं आहे. चहाच्या सुट्टीआधी मामांचं लॉगिन बंद झालं आणि कपाटांच्या किल्ल्या मागितल्या गेल्या, तेही सगळ्यांच्या देखत.

मामा भांडले असते तर बरं झालं असतं. एरवी ते कोणाचं ऐकून घेणाऱ्यातले नव्हते. पण त्यांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला आणि भाचीच्या लॅपटॉपवरच्या त्या पाच ओळींकडे बघत राहिले.

"मला काहीच आठवत नाहीये," ते म्हणाले. "म्हणजे मीच केलं असणार."

साहेबांनी त्यांना घरी जाऊन विश्रांती घ्यायला सांगितलं. एकेका कपाटाशी जाऊन स्विचमध्ये अडकून बसलेल्या सगळ्यांना बाहेर काढता काढता भाचीला संध्याकाळ झाली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पुन्हा कळ दाबली. पुन्हा लाल. ती धावत कपाटाशी गेली. पाचही जागा भरलेल्या, पुन्हा मामांच्याच कॉम्प्युटरवरून. मामा घरी होते. त्यांची रिकामी खुर्ची ती आत्ताच बघून आली होती.

ती तशीच माघारी पळाली. मामांच्या टेबलाखालचा कॉम्प्युटर चालूच होता. आपोआप चालणाऱ्या कामांत एकच काम दिसलं, दर तासाला सुरू होणारं. त्याचं नाव होतं 'तात्पुरतं'. ते तिचंच होतं.

मध्यंतरी तिचा लॅपटॉप दुरुस्तीला गेला, तेव्हा तिने पहिली कच्ची स्क्रिप्ट, दर तासाला नुसती आत जाऊन स्विच ठीक आहेत का बघणारी, मामांच्या कॉम्प्युटरवर ठेवली होती. कशाची, काय, हे न विचारता मामा ठेव म्हणाले होते. लॅपटॉप परत आला आणि ती विसरून गेली. स्क्रिप्ट मात्र विभागाच्या सामाईक लॉगिनने इमानेइतबारे जात-येत राहिली. मग गेल्या आठवड्यात भाचीनेच सगळ्या स्विचना नवी नावं दिली. स्विचचं नाव पडद्यावर उमटलं की काम उरकून बाहेर पडायचं, एवढंच जुन्या स्क्रिप्टला शिकवलेलं; आता ती आत शिरायची आणि जुनं नाव दिसायची वाट बघत बसायची. ते कुठून दिसणार? बसली ती बसलीच. तासाभराने आणखी एक.

विसरली भाची, आणि किल्ल्या गेल्या मामांच्या. साहेब बैठकीत होते, पण तिला साहेब नकोच होते. मिळाली ती बस पकडून ती मामांकडे गेली.

दार मामीने उघडलं. मामा डॉक्टरांकडे जायला कपडे करून जेवणाच्या टेबलाशी बसले होते. भाचीने चपलाही न काढता सगळं सांगून टाकलं. मामा उठले, आणि काही न करता परत बसले.

"परत सांग."

तिने परत सांगितलं.

"म्हणजे मी विसरलो नव्हतो?"

"नाही मामा. मी विसरले होते."

मामी तोंडावर हात धरून दाराशी उभी राहिली. आता मामा ओरडतील असं भाचीला वाटलं, आणि त्यांनी ओरडावं असंच तिला मनापासून वाटत होतं.

"स्विचला विचारलंस," मामा म्हणाले. "मला एकदा विचारायचं होतंस गं."

आत्ताच्या आत्ता साहेबांना फोन लावते, सगळ्यांसमोर सांगते, किल्ल्या परत आणून देते, असं ती भडाभडा बोलत सुटली. मामांनी हाताने तिला थांबवलं.

"मीच केला फोन सकाळी. नोकरी सोडतो म्हटलं. ते लगेच हो म्हणाले." मामांनी शर्टाच्या बाह्या नीट केल्या. "आणि माझ्या जागी तुलाच घ्या, असंही सांगून ठेवलंय. म्हटलं, पोरीच्या लक्षात सगळं राहतं."