चमच्याचे तीन आधार

आमच्या प्रकाशन संस्थेतून 'सर्वांसाठी ज्ञान' नावाचं जाडजूड पुस्तक गेली अठ्ठावीस वर्षं दरवर्षी नव्याने निघतं. नव्याने म्हणजे मुखपृष्ठ नवं. आतलं ज्ञान तेच, कारण ज्ञान शाश्वत असतं असं आमच्या संपादकांचं मत आहे आणि पानं पुन्हा लावायचा त्यांना कंटाळा आहे. सोनमाशाची स्मरणशक्ती तीन सेकंद टिकते, शहामृग घाबरलं की वाळूत डोकं खुपसतं, माणूस मेंदूचा फक्त दहावा भाग वापरतो, हे सगळं आमच्याकडे मिळतं. यातलं एकही खरं नाही. मेंदूच्या बाबतीत मात्र, आमच्या कार्यालयापुरतं, वाद घालावा असं मला कधी वाटलं नाही.

संपादकांना सगळे तात्या म्हणतात. सत्य ओळखायची तात्यांची पद्धत सोपी आहे. तीन छापील आधार मिळाले की ते सत्य, दोन मिळाले तर मत, आणि एकच मिळाला तर अफवा. या पद्धतीने त्यांनी अठ्ठावीस वर्षांत एकदाही खिडकीबाहेर बघितलेलं नाही.

माझ्या टेबलासमोर वेलांटीबाईंचं टेबल. मुद्रितं तपासण्याचं काम आम्ही दोघं करतो. त्या मोठ्याने वाचतात, मी मूळ प्रतीवर बोट फिरवतो. ऱ्हस्व-दीर्घावरून त्यांनी मालकांनाही झापलेलं असल्यामुळे त्यांना हे नाव पडलं. बाईंना वर्षा-दोन वर्षांतून कधीतरी फिट येते. दोन मिनिटांत ती आपोआप थांबते. मग त्या थोडा वेळ झोपतात, उठतात आणि पुढची ओळ वाचतात.

मागच्या थंडीत मात्र त्यांना फिट आली तेव्हा बांधणी विभागाचे भाऊ तिथे होते. पाचशे पानांचं पुस्तक एका हाताने दाबून धरणारा माणूस. त्याने बाईंच्या दातांत चमचा घुसवला. बाई शुद्धीवर आल्या तेव्हा पुढचा एक दात अर्धा होता आणि भाऊ पूर्ण नायक झाले होते. पुढच्याच आठवड्यात भाऊंचा सत्कार झाला. सूचनाफलकावर त्यांचा फोटो लागला, एका हातात पुष्पगुच्छ, दुसऱ्या हातात चमचा, खाली 'प्रसंगावधान'. फोटोशेजारी प्रथमोपचाराचा तक्ता होता, आमच्याच पुस्तकाच्या पान दोनशे बारावरून घेतलेला. कलम चार : फिट आल्यास रुग्णाच्या दातांत तातडीने चमचा घालावा, अन्यथा जीभ गिळली जाते.

नवी आवृत्ती निघायच्या आधी हे कलम काढावं, असा अर्ज बाईंनी दिला. दातांच्या डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं, हा दात पुन्हा दुखावला तर शेजारच्यालाही घेऊन जाईल. अर्जावर तात्यांनी सभा बोलावली.

"बाई, तुमच्याबद्दल आदर आहे," तात्या म्हणाले. "पण विषय भावनेवर नेऊ नका."

"भावना कसली, तात्या? दात माझा आहे."

"दात गेला, पण जीव राहिला ना?" भाऊ उसळले. "मी नसतो तर जीभ गिळून बसला असतात!"

"जीभ गिळता येत नाही, भाऊ. मुळाशी पक्की बसवलेली असते. गिळून दाखवा बघू."

भाऊंनी खरोखर प्रयत्न केला. त्यांचा चेहरा लाल झाला, डोळे बाहेर आले, सभेने श्वास रोखून धरला. मग ते दमून म्हणाले, "पण मला आत्ता फिट कुठे आलीय?"

हा मुद्दा सभेत फार वजनदार ठरला.

बाईंनी मेंदूच्या डॉक्टरांचं पत्र पुढे केलं. फिट आलेल्या माणसाच्या तोंडात काहीही घालू नये, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. तात्यांनी ते उजेडाकडे धरून उलटसुलट पाहिलं. "हा झाला एक आधार. तोही हस्तलिखित. अर्धाच धरावा लागेल." मग त्यांनी कपाटातून तीन पुस्तकं आणवली. पहिलं आमचं. दुसरं आमचंच, मुलांसाठी बारीक केलेलं. तिसरं दुसऱ्या एका संस्थेचं, ज्याच्या प्रस्तावनेत तात्यांचे आभार मानले होते. तिन्हींत तोच मजकूर, तेच चित्र : एक आडवा माणूस आणि चमचा धरलेला हात.

"तात्या, तिन्ही चित्रांत त्या हाताला सहा बोटं आहेत," बाई म्हणाल्या. "एकाने चुकीचं चित्र काढलं, दोघांनी ते उतरवलं. हे तीन आधार नाहीत, एकच आहे."

तात्यांनी चष्मा कपाळावर सरकवून तिन्ही चित्रांतली बोटं मोजली आणि त्यांचा चेहरा उजळला. "बघा! बोटांच्या बाबतीतसुद्धा तिघांचं एकमत आहे."

मतदान झालं. चमच्याच्या बाजूने सात, विरोधात एक. मी छताकडे बघत होतो, त्यामुळे माझी नोंद तटस्थ अशी झाली. तटस्थ म्हणजे ज्याला खरं काय ते ठाऊक असतं आणि तात्यांशी उगाच वाकडं नको असतं.

टेबलावर परतल्यावर बाईंनी पान दोनशे बारा पुढे ओढलं. "रुग्णाच्या दातांत तातडीने चमचा घालावा, स्वल्पविराम," त्या वाचू लागल्या. त्या अर्ध्या दातातून प्रत्येक 'स' शीळ घालत बाहेर पडत होता. कलम संपलं. "बरोबर?"

"मूळ प्रतीप्रमाणे आहे," मी म्हणालो.

"मी ते विचारलं नव्हतं."

मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. उठलो आणि चहाच्या खोलीत गेलो. तिथे अकरा चमचे होते. मी ते रुमालात गुंडाळत असताना चहा करणाऱ्या मावशी दारात उभ्या राहिल्या.

"साहेब, साखर काय बोटानं ढवळू?"

तेवढ्यात मागून बाई आल्या. त्यांनी वरचा ओठ उचलून दाखवला. मावशींनी तो दात पाहिला, रुमाल पाहिला, आणि साखरेच्या डब्यामागे लपवलेला बारावा चमचा काढून माझ्या हातात ठेवला. "हा माझा खासगी होता," त्या म्हणाल्या. मावशींना सभेला कुणी बोलावलं नव्हतं.

चमचे माझ्या खालच्या खणात गेले. बाईंनी मला एक चिठ्ठी दिली : आजूबाजूचं सामान हटवा, धरून ठेवू नका, डोक्याखाली मऊ काहीतरी, कुशीवर वळवा, घड्याळ बघा, पाच मिनिटांवर गेलं तर रुग्णवाहिका. मावशी पेन्सिलीच्या मागच्या टोकाने चहा ढवळू लागल्या. चमचे कुठे गेले असं कुणी विचारलं नाही. कार्यालयातले चमचे आपोआप नाहीसे होतात असं तात्यांनी दोन ठिकाणी वाचलं होतं. तिसऱ्याचा शोध चालू होता.

तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी, अकराच्या सुमाराला, बाई शहामृगावरचा परिच्छेद वाचताना मध्येच थांबल्या. "अहो, बघा हं," एवढं म्हणाल्या आणि खुर्चीवरून घसरल्या. मी खुर्ची ढकलली, स्वेटर काढून डोक्याखाली सारला, घड्याळ पाहिलं.

"चमचा!" भाऊ गरजले.

सगळी संस्था चमच्यासाठी धावली. चहाच्या खोलीतून भांडी पडल्याचा आवाज आला. कुणीतरी "कपाटात बघा, कपाटात!" असं ओरडत होतं. तात्या स्वतः संदर्भग्रंथांच्या मागे हात घालून चाचपत होते. एक मिनिट झालं. आणि भाऊ परत आले. त्यांच्या हातात कागदाची घडी दाबायची हाडाची पट्टी होती, वीतभर लांब, कडेला धारदार.

"सरका, साहेब!"

मी बाईंच्या आणि त्यांच्या मधे उभा राहिलो. हा माणूस मला सहज उचलून कपाटावर ठेवू शकला असता. विज्ञान सांगायला वेळ नव्हता आणि उपयोगही नव्हता.

"भाऊ, हा चमचा आहे का?"

"नाही, पण..."

"तक्त्यात काय छापलंय? चमचा. पट्टीला आधार किती?"

भाऊ जागच्या जागी थबकले. अठ्ठावीस वर्षांचं शिक्षण त्यांच्या चेहऱ्यावर एकेक ओळ करून उमटत गेलं. "एकही नाही," ते पडलेल्या आवाजात म्हणाले. पट्टी खिशात घातली आणि पुन्हा चमचा शोधायला धावले.

दोन मिनिटं दहा सेकंदांनी बाईंचे हातपाय सैल पडले. मी त्यांना कुशीवर वळवलं. जीभ जिथली तिथे होती. दातही.

बाई उठून बसल्या तेव्हा सगळे रिकाम्या हातांनी आणि अपराधी चेहऱ्यांनी भोवती जमले. तात्या मात्र विचारात पडलेले होते. संध्याकाळी पुन्हा सभा झाली. चमचा कुणालाही मिळाला नाही आणि फिट तरीही उतरली, हे तात्यांनी मान्य केलं. एवढ्यावर ते थांबले असते तर मी त्यांचा जन्मभर ऋणी राहिलो असतो.

"याचा अर्थ उघड आहे," ते म्हणाले. "गुण चमच्यात नव्हताच. शोधण्यात होता. एवढी माणसं एका दिशेने धावली की हवेत एक लहर उठते."

"मला जाणवली ती," भाऊ म्हणाले.

"हा पहिला आधार," तात्या म्हणाले. स्वतःचा दुसरा धरला. तिसऱ्यासाठी त्यांनी बाईंकडे पाहिलं.

"मला तर फार जाणवली," बाई म्हणाल्या. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

मतदान झालं. बाजूने नऊ. या वेळी मी छताकडे पाहिलं नाही.

नव्या आवृत्तीत कलम चार बदललं. चित्रातला चमचा खोडला, हात सहा बोटांसकट तसाच राहिला. शेवटचं मुद्रित आलं तेव्हा बाईंनी मोठ्याने वाचलं, "फिट आल्यास उपस्थितांपैकी एकाने रुग्णाजवळ थांबून घड्याळ पाहावे व इतर सर्वांनी खोलीबाहेर जाऊन चमचा शोधावा."

पेन्सिल घेऊन त्यांनी समासात चार शब्द वाढवले : सापडला तरी आणू नये.

"बरोबर?" त्यांनी विचारलं.

"साफ चूक आहे," मी म्हणालो.

"मग जाऊ द्या छापायला."