वरच्या थरातली सहा अंडी

“अजी, मागं सरा! दोरीच्या आत पाय गेला तुमचा!” सलीमाचाची ओरडली, आणि कय्यूमचाचांनी चटका बसल्यासारखा पाय मागे घेतला.

नुकतं उजाडलं होतं. देऊळघाटच्या खाली, नदीच्या वाळूत चाचांची टरबुजाची वाडी. तीस वर्षं तीच. आज मात्र टरबुजांकडे कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. कालपासून वाडीतली हातभर वाळू खचली होती, म्हणजे कासवाची पिल्लं निघणार होती! अर्धं गाव दोरीमागे उभं होतं. मोबाईलचा दिवा लावायचा नाही आणि पिल्लू कितीही धडपडलं तरी उचलायचं नाही, अशी वनरक्षक पूनमताईंची सक्त ताकीद होती.

“कय्यूमभाई, घामानं भिजले की हो! बाळंतपण तुमच्या घरचं हाये का?” कोकिळाबाईंनी चिमटा काढला. सगळे फिसकन हसले. चाचाही हसले, पण नजर दोरीच्या आतल्या वाळूवरून हलवली नाही.

त्या घामाचं कारण त्यांनी चाचीलाही सांगितलं नव्हतं. फेब्रुवारीत वेलासाठी आळं खणताना ही अंडी त्यांनाच सापडली. टरबूज एका अंगावर पडून राहिलं की खालून पांढरं राहतं, म्हणून चाचा फळं हलक्या हाताने फिरवत असत. त्याच मायेने त्यांनी वरच्या थरातली सहा अंडीही फिरवली, वाळू लोटली आणि मग पूनमताईंना फोन केला. ताई आल्या त्या हेच सांगत, “अंड्याले हात नका लावू, चाचा. उलटलं की आतलं पिल्लू मरते.”

चाचांनी मान डोलावली, आणि अंडी फिरवल्याचं तीन महिने लपवून ठेवलं.

“हललं! हललं!”

“चूप बसा ना बे!”

एक डोकं वर आलं. मग रुपयाएवढी पाठ. दुसरं, तिसरं... पाच पिल्लं तुरुतुरु डोहाकडे निघाली. त्यातलं एक उताणं पडलं, तशी चाचांची बोटं शिवशिवली. त्यांनी दोन्ही हात काखेत दाबून धरले. पिल्लू आपलं आपणच सरळ झालं, पाण्यात शिरलं.

मग वाळू गप्प झाली. तो दिवस गेला, दुसराही गेला. चाचा वाडीतून हलले नाहीत. तिसऱ्या सकाळी पूनमताईंनी हलकेच वाळू उकरली. सहा अंडी तशीच होती.

“होते असं. काही अंडे खराबच निघते,” ताई म्हणाल्या.

“खराब नव्हते, ताई.” चाचा अंड्यांकडे बघत म्हणाले. “म्या फिरवले. टरबुजासारखे. सहाच्या सहा.”



“तीन महिने घास उतरत नव्हता, तो याच्यापायी?” चाचीने विचारलं.

“हाव.”

पूनमताईंनी अंडी परत खड्ड्यात ठेवली. चाचा गुडघ्यांवर बसले आणि मयतीला माती देतात तशी तीन मुठी वाळू त्यांनी वरून दिली. त्यांच्या समाजात बायका कबरस्तानात जात नाहीत. सलीमाचाचीने ही मूठ कधी दिलीच नव्हती. ती त्यांच्या शेजारी बसली, पदर डोक्यावर ओढला आणि वाळूत हात घातला.