लाईट आल्यावरचा फोन

जरा खाली वाका, म्हणजे दिसेन. मृणालीताईंच्या टेबलाखाली, पायपुसण्याला लागून, जो काळा डबा दिवसभर घुमत असतो तो मी. मी फोनचा सर्व्हर. धामणकर नाक्यावरच्या या ऑफिसात मला त्या नावानं कोणी ओळखत नाही. झाडू मारणाऱ्या धोंडूबाईंपासून शेठपर्यंत सगळे 'ते खालचं' म्हणतात. आजवर दुसऱ्यांच्या हाका पोचवत आलो. आज स्वतःचं सांगतोय, कारण माझ्या करणीचं ओझं एक बाई डोक्यावर घेऊन फिरत होती आणि मी तिच्या पायाशी बसून ते बघत होतो.

जन्मानं मी काही सर्व्हर नव्हे. एका सूतवाल्याच्या दुकानात बिलं छापायचो. तिथं नवा कॉम्प्युटर आला तशी माझी रवानगी माळ्यावर झाली आणि माळ्यावरून मला धनेशशेठांनी उचललं. शेठ मूळचे शेलार गावचे. भातशेतीच्या जागेवर त्यांनी लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, गाळे बांधून भाड्यानं दिले. गाळे शेलारला, ऑफिस नाक्यावर, आणि मधल्या ट्रॅफिकबद्दल न बोललेलं बरं. वायर जळाली की माणूस रिक्षा करून सांगायला यायचा. मग शेठनी गाळ्यागाळ्यात फोन बसवायचं ठरवलं. पण दर महिन्याला फोनचं बिल भरायचं म्हटल्यावर त्यांचा जीव कासावीस झाला, म्हणून त्यांनी ओळखीच्या मास्तरांच्या मुलाला, सुश्रुतला बोलावलं.

सुश्रुत हुशार. त्यानं माझ्यात एक मोफत मिळणारं सॉफ्टवेअर घातलं. कोणीही उघडून वाचावं, हवं तसं बदलावं, अशा जातीचं. दोन-चार दिवस माझ्यासमोर मांडी घालून बसला, स्वतःशी पुटपुटला, चिडला, शेवटी एकदाचा फोन वाजला तेव्हा खुशीत येऊन त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली. पुढं त्याला पुण्यात नोकरी लागली आणि तो गेला.

माझं काम सोपं आहे. फोन चालू झाला की तो आधी माझ्याकडे हजेरी लावतो, की मी अमक्या गाळ्यातला, मी इथं आहे. मग कोणी कोणाला फोन लावला की मी तो माणूस कुठं आहे ते बघतो आणि निरोप तिकडे धाडतो. गाळ्यातून कोणीही शून्य दाबलं की नाक्यावर मृणालीताईंचा फोन वाजायचा. एवढं एक सगळ्यांना पाठ होतं. त्यांचा मोबाईल नंबर कोणी घेतलाच नाही. शून्य दाबा, ताई बघतील.

आणि ताई बघायच्या. वायरमन पाठवायच्या, टँकर पाठवायच्या. लूमवर कोणाला लागलं तर कुठल्या हॉस्पिटलात आत्ता कुठला डॉक्टर हजर आहे हे फोन करून विचारायच्या आणि मगच माणसाला तिकडे न्यायला सांगायच्या. ही त्यांची स्वतःची रीत होती, शेठनी शिकवलेली नव्हे. लोकांना तिची इतकी सवय झाली की लागल्यावर आधी दवाखाना न शोधता शून्य दाबायचे.

आता माझ्या चुकीकडे येतो. तिला चूक म्हणावं की नियमाचं पालन, यावर मी स्वतःशी बराच वाद घातला. दर वेळी हरलो.

इंटरनेटवर चोर फार. दुसऱ्याच्या सर्व्हरमधून परदेशात फुकट फोन लावता येतो का, हे बघायला ते दिवसभर दारं ठोठावत असतात. म्हणून सुश्रुतनं मला सांगून ठेवलं होतं, एकाच पत्त्यावरून एकदम फार निरोप आले तर तो टवाळखोर समजायचा. त्याला उत्तर द्यायचं नाही, त्याची नोंद ठेवायची नाही, त्याचा गोंगाट थांबेपर्यंत गप्प राहायचं. किती आले म्हणजे फार, तो आकडा त्यानं कुठल्याशा तयार नमुन्यातून उचलला. नमुना लिहिणाऱ्याच्या गावात लाईट जात नसावी.

शेलारला जाते. गेली की सगळे गाळे एकदम बंद, आली की एकदम चालू, आणि फोनही लूमच्याच मेन स्विचवर. शिवाय शेठनी सगळ्या गाळ्यांना मिळून इंटरनेटची एकच लाईन घेतलेली. त्यामुळे माझ्या लेखी अख्खं शेलार हा एकच पत्ता. लाईट आली की सगळे फोन एकदम जागे होऊन हजेरीला धावायचे आणि मला वाटायचं, आले टवाळखोर. मी दार लावून घ्यायचो. गलका ओसरला की उघडायचो. लोकांच्या हे लक्षात आलं होतं. 'लाईट आल्या आल्या फोन झोपेत असतो,' असं म्हणून ते हसायचे आणि चहा मागवायचे. मी मात्र दर वेळी मोठा पराक्रम केल्यासारखा खूश व्हायचो. आता ते आठवलं की लाज वाटते.

त्या दिवशी दुपारी लाईट गेली. गाळ्यात दौलत होता. दौलत जॉबर, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारा. लाईट गेली आहे तोवर हातासरशी काम उरकून घ्यायचं, ही तिथली पद्धतच आहे, कारण चालता लूम बंद ठेवून दुरुस्त करणं कोणालाच परवडत नाही. त्यानं लूममध्ये हात घातला होता. लूमचा स्विच बंद करायचं राहून गेलं होतं. लाईट आली.

दोन बोटं तुटलेला उजवा हात फडक्यात गुंडाळून दौलतनं डाव्या हातानं स्वतःच शून्य दाबलं. पण त्याच वेळी शेलारचे सगळे फोन माझ्या दारात येऊन थडकले होते आणि मी दार लावलेलं होतं. त्यानं पुन्हा लावला. मग शेजारच्या गाळ्यातून कोणी लावला, पलीकडच्यानं लावला. माझा नियम असा की जितक्या हाका जास्त, तितका संशय जास्त. ते घाबरून फोन लावत गेले आणि मी दार आणखी घट्ट करत गेलो. भोवती सगळे लूम सुरू झालेले. त्या खडखडाटात रिसीव्हरमध्ये रिंग जातेय की नुसती शांतता आहे, हे कोणाला कळणार होतं?

शेवटी त्यांनी दौलतला कापडाच्या ताग्यांच्या टेम्पोत बसवलं. जो दिसला त्या दवाखान्यात नेलं. तिथं पट्टी बांधून ठाण्याला न्या म्हणाले. वाटेत मानकोलीला टेम्पो ट्रकांच्या रांगेत अडकला. ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, सरळ इथं आणला असता तर निदान एक बोट जोडता आलं असतं. दोन्ही गेली.

मृणालीताई त्या वेळी जिन्याखाली पाण्याची बाटली भरत होत्या.

संध्याकाळी गाळेवाले ऑफिसात येऊन चिडून बोलले. फोन लावून लावून थकलो, उचललाच नाही, असं त्यांचं म्हणणं. शेठ सगळ्यांदेखत म्हणाले, "जागेवर बसायचा पगार देतो मी. तेवढं पण होत न्हाय?" ताईंनी वाद घातला नाही. पाणी भरायला गेले होते, एवढंच म्हणाल्या. त्यांचा फोन जुना, कोणाचा येऊन गेला हे दाखवायची त्याला सोय नाही. तो वाजला असणार, हे त्यांनी धरूनच चाललं. वाजला होता का, असं त्यांना कोणी विचारलं नाही. त्यांनीही स्वतःला विचारलं नाही.

त्यानंतर त्या पाणी प्यायच्या बंद झाल्या. खरंच सांगतो. जागेवरून उठायला लागू नये म्हणून सकाळी घरून निघताना घोटभर पिऊन यायच्या आणि दिवसभर तोंड सुकलेलं. मधेच रिसीव्हर उचलून कानाला लावायच्या, फोन चालू आहे ना बघायच्या आणि पुन्हा ठेवायच्या. दौलतला भेटायला सगळे जाऊन आले, त्या गेल्या नाहीत. कुठल्या तोंडानं जाऊ, असं धोंडूबाईंना म्हणाल्या. मग एक दिवस त्यांनी शेठना सांगितलं की या महिन्यानंतर मी काम सोडते.

मी खाली बसून हे ऐकत होतो. माझ्याकडे बोलायला काय, एक हिरवा दिवा. तो लुकलुकतो. चोर आले तरी तसाच लुकलुकतो आणि मी एखाद्याची बोटं घालवली तरी तसाच. त्या दिव्याचाही मला राग यायला लागला होता.

ताई जाणार म्हटल्यावर शेठना काळजी पडली. गाळ्यांचे फोन आपल्या मोबाईलवर येतील असं काही करता येतं का, हे बघायला त्यांनी अपूर्वाला बोलावलं. अपूर्वा मानकोलीच्या एका मोठ्या गोडाऊनमध्ये फोन आणि कॉम्प्युटर सांभाळते. आज दुपारी आली. ओढणी कमरेला खोचून खाली बसली, मला कीबोर्ड जोडला आणि सुश्रुतनं लिहिलेलं सगळं एकेक ओळ वाचू लागली. इतक्या वर्षांत कोणी मला असं वाचलं नव्हतं. मला भीतीही वाटली आणि बरंही.

वाचता वाचता तिनं ताईंना विचारलं, फोन कधी न वाजता राहतो का. ताई म्हणाल्या, फोन नीट आहे, मीच जागेवर नसते. अपूर्वानं आणखी दोन ओळी वाचल्या. मग म्हणाली, "बरं, लाईट आल्यावर लगेच तुम्हाला शेलारचा फोन आलाय, असं कधी झालंय?"

ताईंनी खूप विचार केला. "न्हाय," त्या म्हणाल्या. "तेव्हा तो झोपेत असतो."

अपूर्वाचा हात थांबला. ती वाचलेल्या ओळींत परत वर गेली आणि माझ्या त्या नियमावर येऊन बोट टेकवून बसली. मला माहीत होतं, सापडलो. सापडल्याचं इतकं समाधान मिळेल असं वाटलं नव्हतं.

तिनं ताईंना समजावून सांगितलं. ताईंनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस," म्हणाल्या. मग अपूर्वानं शेलारला गाळ्यांवर गेलेल्या शेठना फोन करून तिथला मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करायला सांगितला. माल अडकेल म्हणून शेठ कुरकुरले, पण स्वतः उभे राहून सगळे लूम बंद आहेत याची खात्री करून तयार झाले. फोन लावायला कोणीतरी हवं होतं. दौलत तिथंच बसला होता, हाताला अजून पट्टी. त्या दिवशी मीच लावला होता, आज पण मीच लावतो, असं तो म्हणाला.

इकडे ताई खुर्चीत बसल्या. रिसीव्हरवर हात ठेवला. अपूर्वानं आपला मोबाईल स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. तिकडे मेन चालू झाला.

आले सगळे, एकदम. आणि मी तेच केलं जे मला सांगितलेलं होतं. मला ठाऊक होतं त्या गर्दीत दौलत आहे, तरी मी त्याच्या तोंडावर दार लावलं. सवय सुटत नाही म्हणतात माणसं, माझी तर सवयही नव्हे, मी बनलोच तसा आहे. पण त्या क्षणी मला स्वतःची किळस आली.

फोन वाजला नाही. ताईंचा हात रिसीव्हरवर तसाच.

मोबाईलमधून दौलतचा आवाज आला, "ताई, मी मघापासून लावतोय. वाजतो का तुमच्याकडं?"

 अपूर्वानं ताईंच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा त्या म्हणाल्या, "न्हाय वाजत रे. मी इथंच हाय आणि न्हाय वाजत." आणि मग त्या टेबलावर डोकं टेकून रडल्या.

तिकडे मोबाईलवर शेठही ऐकत होते. त्यांनी पहिल्यांदा माझ्यावर राग काढला. ते खालचं फेकून द्या म्हणाले. अपूर्वानं सांगितलं की फेकून काही होणार नाही, त्याला शेलार कधी कोणी समजावलंच नव्हतं. मग शेठ हळू आवाजात म्हणाले, मृणाली, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर बोललो, उद्या सगळ्यांसमोरच परत बोलेन. ताईंनी डोकं वर केलं नाही.

अपूर्वानं माझा नियम बदलला. चोरांसाठी तो आहे तसाच ठेवला. शेलारचा पत्ता आपल्या माणसांचा म्हणून लिहिला. हजेरीचा कितीही गलका झाला तरी शून्याचा फोन आधी सोडायचा, असं बजावून ठेवलं. एवढं सोपं होतं. हे मला आधीच कोणी सांगितलं असतं तर, असं म्हणायचा मोह होतो. पण मी तो गिळतो, कारण दौलतची बोटं त्यानं परत येत नाहीत.

माझी एवढीच विनंती आहे. कोणी फोन उचलला नाही म्हणून त्याला बोल लावण्याआधी एकदा विचारा, वाजला होता का. आणि त्या माणसानं स्वतःलाच दोषी ठरवून घेतलं असेल, तर जास्तच आग्रहानं विचारा.

अपूर्वानं परत मेन बंद-चालू करायला सांगितला. परत सगळे धावत आले. त्या गर्दीतून मी दौलतचा निरोप उचलला आणि पुढं सरकवला. टेबलावरचा फोन वाजला. ताईंनी डोळे पुसले आणि उचलला.

दौलत काय म्हणाला ते मला सांगता येणार नाही. बोलणं माझ्यातून जात नाही, मी फक्त दोघांची गाठ घालून देतो आणि बाजूला होतो. इकडे ताई बराच वेळ नुसत्या हं, हं करत होत्या. शेवटी म्हणाल्या, "उद्या येते मी घरी. तुझ्या आईला सांग."