वीतभर फरक

ती पाण्याच्या खात्यात आकड्यांचं काम करायची. पुलाखालच्या मोजपट्टीवर रोज सकाळी वाचलेली नदीची पातळी, अशी पंच्याऐंशी वर्षं तिच्या संगणकात होती. त्यातली एकतीस वर्षं तिच्या आत्याने वाचलेली.

नदीला मागचं किती आठवतं, हे तिला शोधायचं होतं. कोरडी वर्षं सुटी-सुटी येतात की घोळक्याने? घोळक्याने येत असतील, तर नवा जलाशय एका वर्षाच्या हिशोबाने बांधून भागणार नाही. उत्तर आलं ते भलतंच ठाम: नदी काहीच विसरत नव्हती.

"एवढी स्मरणशक्ती फक्त माझ्या सासूबाईंना आहे," खात्यातल्या तिच्या वरिष्ठ मॅडम म्हणाल्या. "पुन्हा तपास. गुरुवारी बैठक आहे."

तिने तपासलं. गणित बरोबर होतं, तसं तिने मॅडमना कळवलं. रविवारी ती आलेख घेऊन आत्याकडे गेली, खरं तर कौतुक करून घ्यायला.

आत्याने मटार सोलता सोलता चष्मा वर केला आणि आलेखावर बोट ठेवलं. "हे गं काय? इथून सगळं वर चढलंय."

"पूर आला ना, तिथून अठरा वर्षं नदी भरलेली होती."

"नदी कुठली भरतेय! पुरात पट्टी वाहून गेली. नवी लावली ती वीतभर खाली. म्हणून आकडा रोज वीतभर जास्त."

"मग कळवलं नाहीस?"

"तीनदा! साहेब म्हणाले, बाई, तुम्ही फक्त वाचा. मी वाचलं. पण अठरा वर्षांनी पट्टी नीट बसवली तोवर शेऱ्यात रोज लिहिलं."

शेऱ्याचा रकाना संगणकात कुणी घेतलाच नव्हता. तिने फूटपट्टी घेऊन टेबलावर पसरलेली आत्याची वीत मोजली. साडेअठरा सेंटिमीटर.

"बोटं वाकली आता," आत्या म्हणाली. "थोडं जास्त धर."

सोमवारी तिने जुन्या नोंदवह्या काढल्या. पुरानंतरच्या पहिल्या पानावर आत्याचं उभं अक्षर: 'पट्टी १९ सेंमी खाली. वजा करावे.' दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. असं साडेसहा हजार वेळा. एका पानाशी मात्र ती थबकली. तारीख तिच्या जन्माची होती. 'पट्टी १९ सेंमी खाली. वजा करावे. भाची झाली. वजन उत्तम.'

तिने वही मिटली. मग तिने अठरा वर्षांतल्या प्रत्येक आकड्यातून एकोणीस वजा केले.

सलग अठरा वर्षांचा खोटा चढ गेला, तशी नदीची स्मरणशक्ती निम्म्यावर आली, पण गेली नाही. कोरडी वर्षं अजूनही एकमेकांना धरूनच येत होती.

गुरुवारी बैठकीत ती उभी राहिली. "मी आधी सांगितलेलं चुकलं होतं," म्हणाली, आणि नोंदवही सगळ्यांसमोर ठेवली. मॅडमनी आधीचा आकडा वर पाठवून दिला होता, त्यामुळे त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी दहा-बारा पानं उलटली.

"या बाई आहेत का अजून?"

"आहेत. मटार सोलतायत."

"त्यांना बोलवा. बाकीचे शेरेही वाचायला हवेत."

आता दर मंगळवारी आत्या खात्यात येते. ती वाचते, भाची टाइप करते. काम फार हळू चालतं, कारण प्रत्येक पुराची आत्याकडे एक गोष्ट असते आणि ती सांगितल्याशिवाय पान उलटत नाही. मॅडमनी या कामाला तीन महिने दिले होते. आता सहावा चालू आहे आणि मंगळवारी त्याही खुर्ची ओढून बसतात.