वाइनला लागणारा मासा

लढाई संपली आणि माझा भाऊ बब्रुवान इटलीहून आमच्या गावी, मराठवाड्यातल्या वाशीला परत आला. तिकडे तो साहेबांच्या मेसमध्ये वाढपी होता. बंदूक त्याने किती चालवली देव जाणे, पण वळकटीत वाइनची बाटली लपवली होती आणि बार्शीजवळच्या नाक्यावर निजामाच्या शिपायांना ती सापडली नाही, हा पराक्रम त्याने गावभर सांगितला.

मी द्वारका, त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून माहेरीच. बब्रुवान चार वर्षं नव्हता, तेव्हा चूल माझ्या ताब्यात होती आणि त्याची बायको कस्तुरा माझ्या हाताखाली. आला त्याच दिवशी तो म्हणाला, "आक्का, आता सैपाक कस्तुरा करील." मी पळी खाली ठेवली. आतून जळले.

बाटलीचं बूच निघेना, म्हणून त्याने ते काडीने आत ढकललं. तोंडाला चिंधीचा बोळा लावून बाटली चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवली. चैत्राचं ऊन तापलं होतं. रोज संध्याकाळी काचेच्या पेल्यात दोन बोटं वाइन ओतायची, आधी हुंगायची, मग तोंडात घोळवायची, असा त्याचा थाट.

"हरभऱ्याच्या पाल्यावरची आंब असती ना, तशी आंबट. गोड अजिबात न्हाय," तो म्हणाला. "साहेब लोक हिला कोरडी म्हणत्यात. हिच्यासंगं मासा पाहिजे. बिगर तिखटाचा."

"पातळ हाय आन् कोरडी कशी वो?" म्हणून कस्तुरा हसली. चार वर्षांनी नवरा समोर बसलेला, हसू आलं बिचारीला. बब्रुवान मात्र हसला नाही. चार वर्षं साहेबांची ताटं उचलली होती त्याने. आता घरात त्याला साहेब व्हायचं होतं.

पहिल्या दिवशी कस्तुराने मांजरा नदीच्या डोहातली मरळ काळा मसाला घालून केली. त्याने ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशी नुसतं हळद-मीठ लावलं. तिसऱ्या दिवशी लोण्यात परतून वर लिंबू पिळलं, तेव्हा तो म्हणाला, "जमतंय." कस्तुरा दिवसभर गुणगुणत होती.

आठवडा गेला आणि घोट घेतला की त्याचं तोंड वाकडं व्हायला लागलं. मेसमध्ये उघडलेली बाटली त्याच रात्री संपायची. ती तशीच राहिली तर तिचं काय होतं, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. वाइन साहेबांची, मासा बायकोचा. खोट कुणाची ठरणार?

"तुझ्या हातानं वाइनची चव मारली," तो म्हणाला. "आणिक पाच दिस बघीन. न्हाय जमलं तर तामलवाडीला बापाकडं जायचं. म्या दुसरी करीन."

कस्तुराने लिंबू सोडलं, मीठ कमी केलं, हळदसुद्धा काढून टाकली. एकदा त्याने ताट भिरकावलं, तेव्हा तापलेलं लोणी तिच्या मनगटावर सांडलं. फोड आला. दुसऱ्या दिवशी त्याच हाताने तिने मासा साफ केला.

घरात कुणी नसताना मी बोळा काढून एक घोट घेतला. परांड्याला सासरी असताना शेजारची खाला उसाचा रस आंबवून लोणच्यासाठी सिरका करायची. जिभेला लागताच ओळखलं, वाइनचा सिरका झाला होता. भावाला सांगायचं तर एका वाक्याचं काम होतं. मी बोळा परत लावला आणि कोनाडा पुसून घेतला.

पाचव्या दिवशीही मासा जमला नाही. सहाव्या दिवशी सकाळी गाडी जुंपली. कस्तुरा गाठोडं घेऊन दारात थांबली.

"एकदा माशाबिगर नुसतीच पिऊन बघा," ती नवऱ्याला म्हणाली. "मग जाते म्या."

त्याने पेला भरला खरा, पण माझ्यापुढे धरला. "आक्का मासा खात न्हाय. तिचं तोंड साफ हाय. तिलाच इचार."

"वन्सं, खरं सांगा," कस्तुरा म्हणाली.

मी प्याले. घसा जळत गेला, डोळ्यांत पाणी आलं.

"चांगली हाय की," मी म्हणाले. "वाइनमधी काय खोट न्हाय."

कस्तुराने माझ्या डोळ्यांतलं पाणी पाहिलं. मग खाली वाकून पाया पडली आणि गाडीत बसली.

संध्याकाळी मरळ मी केली, लोण्यात, वर लिंबू पिळून. बब्रुवानने घोट घेतला आणि थांबला. माशाचा तुकडा खाल्ला, पुन्हा घोट घेतला. मग माझ्याकडे बघत राहिला. त्याला कळलं होतं, खोट वाइनमध्येच होती. गाडी अजून वाटेवरच्या येरमाळ्याच्या पुढे गेली नसेल. माणूस धाडला असता तर कस्तुरा सकाळी घरी आली असती. मी भाकरी उलटली आणि वाट पाहिली.

"आक्का, मासा झकास झालाय," तो म्हणाला आणि पेला पुढे केला. "आणिक दोन बोटं वत."

मी ओतली.