तुरटी न घातलेला काळा रंग

मी एक जुनी तांब्याची कढई आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, माझं डोकं फिरलेलं आहे. लोक मला 'थोर नेत्याच्या दुखवट्याची कढई' म्हणतात. मी काय आपली आपण उकळले होते?

मला वापरलं ते रंगारीण मावशीनं. राजा देश सोडून पळाला त्या वर्षी ती जन्मली, आणि त्याच वर्षी तिच्या बापानं तांबटाकडून मला घडवून घेतलं. नवं सरकार आलं, नवे झेंडे आले. ते रंगवता रंगवता पोर मोठी झाली आणि तिचे हात कोपरापर्यंत निळे झाले ते कायमचेच. "हिला हातमोजे घ्यायचा खर्च वाचला," असं तिचा नवरा हसून म्हणायचा. तो लवकर गेला. मागे एक लेक राहिला.

मग लढाई आली. गाड्या भरभरून कापड यायचं आणि आम्ही ते खाकी करायचो. त्यातलाच एक सदरा घालून लेक गेला. लढाई जिंकल्याची बातमी सकाळी आली, लेक पडल्याची दुपारी. मावशीनं आपली पांढरी शाल काढली आणि काळा रंग कालवला. तेवढ्यात वस्तीचा अंमलदार दारात हजर.

"मावशी, हा विजयाचा आठवडा आहे. काळं बंद. पिवळ्या पताका हव्यात."

"अहो, माझा मुलगा गेलाय हो!"

"बऱ्याच जणींचे गेलेत. पिवळा कालवा."

त्यानं काळं पाणी गटारात ओतायला लावलं. मला हात असते तर ते त्याच्याच अंगावर ओतलं असतं. मावशीनं रडत रडत पताका रंगवल्या.

तिचे केस पिकले. लढाई पुकारणारा नेता म्हातारा होऊन अंथरुणात मेला. तोच अंमलदार, आता ढेरपोट्या साहेब झालेला, गाठोडी घेऊन आला.

"अंत्ययात्रेसाठी साहेबांचे, पोलिसांचे, सगळ्यांचे कोट काळे हवेत. नाही म्हणायचं नाही."

"नाही कशाला म्हणू?" मावशी म्हणाली.

आमच्याकडे तुरटीशिवाय रंग कापडाला धरत नाही, पाणी लागलं की उतरतो, हे रंगाऱ्याच्या घरचं शेंबडं पोरही जाणतं. मावशीनं आधी आपली तीच पांढरी शाल माझ्यात घातली आणि तिला मूठभर तुरटी दिली. मग पाणी बदललं, कोट टाकले आणि तुरटीचा डबा फळीवर ठेवून दिला.

अंत्ययात्रेत पाऊस आला. मला ते पोलिसांकडे बघून कळलं. मावशीला धरायला आले तेव्हा त्यांच्या माना काळ्या होत्या आणि कोट मळकट राखाडी. मावशीची शाल मात्र भिजूनही काळीभोर होती. ती घेऊनच ती तुरुंगात गेली. परत आली नाही.

मित्रांनो, आता संग्रहालयात मला घासूनपुसून चकचकीत ठेवतात, त्याचं मला काडीचं कौतुक नाही. तुम्ही एवढंच करा. गल्लीत बँड वाजत असेल आणि शेजारच्या घरात कोणी रडत असेल, तर बँडमागे धावू नका. आधी त्या घरात जा.